हिरव्यापाशी थांबायचं

मेश्रामकाका आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडले, आणि तेही पॉलिश पेपरवरून. एरवी हा माणूस चढ्या आवाजात बोललेला आमच्या सोसायटीत कुणी ऐकलेला नाही. वार्षिक सभेत गच्चीच्या किल्लीवरून लोक एकमेकांची उणीदुणी काढायचे, तेव्हाही ते हात वर करून आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचे आणि पाळी आली की एकच प्रश्न विचारायचे, "मोजलं का?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पाण्याची टाकी लहान पडते, मोजली का? जिन्याला रंग किती लागेल, मोजलं का? माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले, तर पेढा हातात धरून म्हणाले, "जावई उंच आहे म्हणता. मोजलं का?" आणि मग स्वतःच खुदकन हसले. मी मुलुंडच्या ह्या सोसायटीची गेली बारा वर्षं सेक्रेटरी आहे. हे पद कुणालाच नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं आणि माझं तोंड फटकळ म्हणून तिथेच राहिलं. काका मला कधी नावानं हाक मारत नसत. 'सेक्रेटरीबाई' म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. काकू बंगलोरला मुलाकडे असतात. माझ्या समोरचा त्यांचा ब्लॉक बंद आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा मी जाऊन खिडक्या उघडते, नळ सोडून बघते, आणि पाच मिनिटांचं काम असताना अर्धा तास तिथे बसून येते. त्या घरातले दरवाजे हिरवे आहेत. ते हिरवे कसे झाले हे सांगितल्याशिवाय काका सांगता यायचे नाहीत.

काका नोकरीत ट्रेसर होते. एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात पस्तीस वर्षं. साहेबांनी पेन्सिलनं काढलेल्या नकाशावर अर्धपारदर्शक कागद पसरायचा आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा, हे काम. चूक झाली तर ती शाई रबरानं जात नसे. मग दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं पातं बोटांत धरायचं आणि कागदावरची शाई तेवढी खरवडून काढायची. जोर जरा जास्त झाला की कागदाला भोक, आणि भोक पडलं की आठवड्याचं काम पाण्यात. "इतकी वर्षं केलं, सेक्रेटरीबाई," ते सांगायचे, "दोनच कागद फाटले. एक माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात आणि दुसरा आमचा मिलिंद झाला त्या दिवशी."

ही करामत मी डोळ्यांनी पाहिली आहे. एकदा पाणी बंद राहणार म्हणून मी जाड कागदावर शाईनं नोटीस लिहिली, फळ्यावर लावली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येते तर काका फळ्यासमोर उभे. म्हणाले, "पाणी बुधवारी जाणार आहे. तुम्ही मंगळवार लिहिलंय." मी कपाळावर हात मारून घेतला. नवीन लिहून आणते म्हटलं, तर म्हणाले, "कशाला? थांबा जरा." खिशातून पाकीट निघालं, पाकिटातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. दहा मिनिटांत 'मंगळ' गेला, 'वार' तसाच राहिला, आणि त्या जागी त्यांनी 'बुध' लिहिला. तो पण माझ्या अक्षरात! दुसऱ्या दिवशी खालचे नाईक भांडायला आले तेव्हा मी त्यांना सरळ फळ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, कुठे आहे हो मंगळवार? नाईक अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाहीत.

पुष्पाकाकू म्हणजे ह्याच्या अगदी उलट प्रकार. बालवाडीत शिकवून शिकवून त्यांचा आवाज चार मजले ऐकू जायचा. "काय गं, आज परत डब्याला पाव? लाज नाही वाटत?" असं मला जिन्यात अडवून विचारायच्या आणि संध्याकाळी आंबाडीच्या भाजीचा डबा घेऊन दारात उभ्या राहायच्या. दोघंही मूळचे भंडाऱ्याकडचे. लग्न झालं तेव्हा काकू वीस वर्षांच्या होत्या आणि तिकडून थेट ह्याच ब्लॉकमध्ये आल्या. पण मुंबईची भाषा त्यांनी अशी काही उचलली होती की काकांना चारचौघांत 'यार' म्हणायच्या, आणि काका लाजून खाली बघायचे.

मिलिंद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या लग्नाच्या वेळी घराला रंग लावायचा ठरला. दरवाज्यांना तेव्हा चॉकलेटी रंग होता. मी म्हटलं, "पांढरा द्या. घर मोठं दिसतं." सल्ला माझा आणि रंगारीही माझ्याच ओळखीचा. घर खरंच मोठं दिसलं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं त्या पांढऱ्यापासून सुरू झालं.

दोनेक वर्षांनी काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा परत फिरणारा आजार नाही हेही सांगितलं. काकूंची मुंबईची भाषा हळूहळू गळून गेली आणि तिच्या खालची भंडाऱ्याची बोली वर आली. एका दुपारी मी समोर गेले तर काकू चांगली साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन दिवाणाच्या कडेवर बसल्या होत्या. पिशवीत दोन साड्या, टॉवेल आणि पावडरचा डबा. मला बघून म्हणाल्या, "बाई, आमाले डिस्चार्ज केव्हा देता?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, "डॉक्टर आले की देऊ हां."

त्या मान हलवून दाराकडे बघत बसल्या. निघताना काका माझ्यामागे जिन्यापर्यंत आले. "सेक्रेटरीबाई, तिला खोटं सांगू नका. आता ती संध्याकाळपर्यंत डॉक्टरांची वाट बघत बसेल."

पांढरे दरवाजे, पांढऱ्या चौकटी, काकूंना तो दवाखाना वाटायचा. रोज त्या पिशवी भरायच्या. रोज काका सांगायचे, "पुष्पा, हे आपलंच घर आहे," आणि रोज त्या म्हणायच्या, "काऊन फसवता जी? आपल्या घरी असे दरवाजे आहेत का?" एकदा काकांचा डोळा चुकवून त्या खाली उतरल्या आणि नाक्यावर जाऊन रिक्षात बसल्या. रिक्षावाल्यानं विचारलं कुठे जायचं, तर म्हणाल्या, मुलुंड. "आजी, मुलुंडमध्येच तर आहात तुम्ही," असं तो म्हणाला, तशा रडायला लागल्या. तो ओळखीचा निघाला म्हणून त्यांना घरी तरी घेऊन आला. बाई स्वतःच्या घरात बसून घरी जायला रडते आहे, ह्याच्यावर कुणी काय इलाज करायचा?

काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना समजावलं नाही. समोर बसून नुसतं विचारलं, "आपलं घर कसं आहे, पुष्पा?"

"हिरवे दरवाजे आहेत," काकू म्हणाल्या. "पऱ्ह्यायसारखे."

पऱ्हे म्हणजे लावणीच्या आधीची भाताची कोवळी रोपं. भंडारा भाताचा मुलूख. ब्लॉकचा ताबा मिळाला तेव्हा दरवाज्यांना नुसता गुलाबी प्रायमर होता. काकांनी नव्या नवरीला विचारलं, कुठला रंग लावू? ती म्हणाली, पऱ्ह्यांसारखा. तसा डबा दुकानात मिळत नव्हता, म्हणून गडद हिरव्यात थोडा थोडा पिवळा आणि पांढरा घालत, काडीनं ढवळत, काकांनी तो स्वतः बनवला आणि स्वतःच लावला. पुढे त्याच्यावर आकाशी बसला, आकाशीवर चॉकलेटी, चॉकलेटीवर माझा पांढरा.

दुसऱ्याच दिवशी काका नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून तीन डबे घेऊन आले आणि पुन्हा ढवळायला बसले. बेडरूमचं दार रंगवलं. ताज्या ऑइल पेंटचा वास घरभर पसरला तशी काकू नाकाला पदर लावून गॅलरीत पळाल्या. "दवाखान्यात औषध मारून राहिले," म्हणाल्या. वास जरा कमी झाल्यावर त्यांना दाराशी नेलं. त्यांनी एकदा पाहिलं, म्हणाल्या, "हा तो नाही," आणि पिशवी भरायला गेल्या.

मग मी माझ्या त्या रंगाऱ्याला बोलावलं. सगळे थर उतरवून दे म्हटलं. त्यानं पोटमाळ्याच्या दारावर रिमूव्हर लावून दाखवलं. रंग फुगला, त्याला सुरकुत्या पडल्या आणि पत्र्यानं ओढला तसा पांढऱ्यापासून प्रायमरपर्यंत सगळा एकदम निघून आला. खाली स्वच्छ लाकूड. रंगारी खूश! "काका, सागवान आहे सागवान. पॉलिश मारू, झकास दिसेल."

काका जमिनीवर पडलेल्या त्या चिकट लगद्याकडे बघत होते. त्यात हिरवाही होता. "मला लाकूड नकोय जी," ते म्हणाले. "मला हिरव्यापाशी थांबायचंय."

रंगारी माझ्याकडे बघायला लागला. रंग काढायला सांगणारे त्याला शेकडो भेटले असतील, पण मध्येच थांब म्हणणारा पहिलाच. असं होत नाही काका, तो म्हणाला, निघेल तर सगळं निघेल.

पंधरा दिवसांनी नाईक माझ्याकडे तक्रार घेऊन आले. रोज दुपारी दोन ते चार वरून खरवडल्याचा आवाज येतो, डोळ्याला डोळा लागत नाही. "आणि बिल्डिंग चार-पाच वर्षांत पाडून नवीन बांधायची बोलणी चालली आहेत," ते म्हणाले. "पाडायच्या घराचे दरवाजे कसले घासतात?" मी सेक्रेटरीचा चेहरा घालून समोर गेले आणि दारातच थबकले. बेडरूमच्या पांढऱ्या दारावर काकांनी पट्टी लावून पेन्सिलनं चौकोन आखले होते, पोस्टकार्डाएवढे, आणि प्रत्येकात बारीक आकडा. आधीच्या नव्या हिरव्याचा मागमूसही नव्हता, तो त्यांनी पुरता वाळायच्या आतच पुसून टाकला होता. काका स्टुलावर बसून, अर्धं ब्लेड आडवं धरून चौकोन नंबर सतरा खरवडत होते.

नाईकांचं म्हणणं मी सांगितलं. काकांनी मान वर केली. "चार वर्षं आहेत ना अजून? खूप झाली जी." मग म्हणाले, "आवाजाचं खरं आहे. मी अकरा ते एक करतो."

काम असं होतं. इस्त्रीच्या फवाऱ्यानं चौकोन भिजवायचा. पांढरा सोलून निघायचा, कारण माझ्या रंगाऱ्यानं खालचा चॉकलेटी नीट घासलाच नव्हता. चॉकलेटीला ब्लेड. आकाशी दिसला की ब्लेड बंद, आणि बारीक वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून बोटाच्या टोकानं गोल गोल. खरी परीक्षा इथे. ओला असताना आकाशी हिरव्यासारखाच दिसतो, त्यामुळे दर मिनिटाला थांबायचं, फडक्यानं टिपायचं, वाळू द्यायचं आणि मग बघायचं. दिवसाला चार चौकोन व्हायचे. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासू नका, असं मी मुलीकडून ऐकून मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले, तर ते आधीच खाली वर्तमानपत्रं पसरून, तोंडाला ओलं फडकं बांधून बसलेले. काकूंना तेवढा वेळ हॉलमध्ये ठेवायचे आणि काम संपलं की स्वतः लादी दोनदा पुसायचे.

मिलिंदचा फोन यायचा. मुलगा वाईट नाही, लांब आहे इतकंच. "बाबा, नवीन दरवाजे बसवून देतो हिरवे. दोन दिवसांचं काम आहे." काका म्हणायचे, "हो रे, बघू," आणि फोन ठेवून पुढचा चौकोन भिजवायचे.

पहिला हिरवा उघडा पडला त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी बघितलं आणि म्हटलं, हा तर गडद आहे. तुम्ही ढवळून केला होता तो केवढा पोपटी! काका हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "माझ्या आठवणीत मी तो उजळ करून ठेवला होता. तिला बरोबर आठवत होता. विसरते ती, आणि चुकलो मी."

आता माझ्या पराक्रमाचं सांगते. दिवाळीनंतरची गोष्ट. काका काकूंना औषध द्यायला आत गेले होते. दाराच्या कोपऱ्यात आकाशीचा एक हट्टी डाग राहिला होता. मला वाटलं, तेवढाच हातभार. टेबलावर जाडा पॉलिश पेपर पडला होता तो घेतला आणि दिला जोर. चार हात मारले असतील, आकाशी गेला, हिरवा गेला, गुलाबी गेला आणि खालचं लाकूड दिसलं. तेवढ्यात काका आले.

"काय केलंत? काय केलंत तुम्ही!" ते ओरडले. "विचारायचं नाही का? हा परत बनत नाही! कुठे मिळत नाही हा!"

माझ्यावर अशा आवाजात माझा बापही कधी ओरडला नव्हता. मी घरी येऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काका हातात अर्धं ब्लेड आणि वॉटर पेपरचा तुकडा घेऊन उभे. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, "या. शिकवतो." त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्याबरोबर दोन चौकोन करत असे.

होळी होऊन गेली आणि काम संपलं. बेडरूमचं दार, स्वयंपाकघराची चौकट, मुख्य दाराची आतली बाजू. डाग होते, ओरखडे होते, माझा तो लाकडी टवका होता, पण सगळं मिळून ते एक हिरवं घर झालं होतं. त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी नेहमीप्रमाणे पिशवी घेतली आणि त्या मुख्य दाराकडे निघाल्या. दारावर हात ठेवला. तळहात वरून खाली फिरवला. मग वळल्या, बेडरूममध्ये गेल्या, पिशवीतल्या दोन साड्या कपाटात ठेवल्या आणि काकांना म्हणाल्या, "पिशवी कोणी भरून ठेवली जी?"

काका धावत माझ्याकडे आले. पायात चप्पल नाही, डोळे भरलेले. "सेक्रेटरीबाई, डिस्चार्ज मिळाला!"

तो आनंद नऊ दिवस टिकला. मी मोजले आहेत.

दहाव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर काका जिन्यात पायरीवर बसलेले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काकू दुपारच्या झोपेतून उठल्या, त्यांना पलंगावर बसलेलं पाहिलं आणि किंचाळल्या. कोण तुमी? घरी कोणी नाही, ते ऑफिसात गेले आहेत, बाहेर व्हा.

"तिला घर सापडलं," काका म्हणाले. "पण त्या घरात वसंत मेश्राम अठ्ठावीस वर्षांचा आहे. मी चौऱ्याहत्तरचा. घर मागे नेलं आणि मी इकडेच राहिलो."

मी मूर्खासारखं म्हटलं, "मग परत पांढरा लावू या का?"

"आणि तिला परत दवाखान्यात टाकू?" ते उठून उभे राहिले. "नाही जी. तिला तिचं घर मिळालंय. माझं काय, मला पत्ता माहीत आहे."

त्यांनी शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली. काकूंनी दार अर्धवट उघडलं. मी मागे माझ्या दारात उभी होते. खोटं बोलू नका म्हणून मला बजावणारा तो माणूस स्वच्छ आवाजात म्हणाला, "मी वसंताचा मामा. भंडाऱ्याहून आलो."

काकूंनी झटकन डोक्यावर पदर घेतला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "या ना मामाजी. बसा. ते येतच असतील." काकांचे पाय मागे सरकल्यासारखे झाले, पण त्यांनी ते तिथेच ठेवले. मी आत येऊन रडले. दुसरं काय करणार होते?

पुढचे सात-आठ महिने ते आपल्या घरी पाहुणे म्हणून राहिले. दिवाणावर झोपायचे. काकू मामेसासऱ्यांना आधी वाढायच्या आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायच्या नाहीत, दाराला टेकून उभ्या राहायच्या. संध्याकाळ झाली की नवऱ्याची वाट बघायच्या, मग मामाजी सांगायचे, वसंताला ओव्हरटाइम आहे, निरोप आलाय. मग त्या जेवायच्या. पण पिशवी त्यांनी पुन्हा कधी भरली नाही. मी एकदा काकांना विचारलं, हे सोसवतं कसं तुम्हाला? ते म्हणाले, "ती मामाजींना माझ्याबद्दल सांगते. काल म्हणाली, मी झोपली असं समजून ते माझ्या पायावर पांघरूण घालतात, त्यायले वाटते मले कळत नाही." मग चष्मा पुसत बसले. "मला खरंच वाटायचं, तिला कळत नाही."

दिवाळीच्या आधी एका दुपारी ते जेवून दिवाणावर आडवे झाले आणि उठले नाहीत. माझी बेल वाजली. दारात काकू, डोक्यावर पदर. "बाई, मामाजी उठून नाही राहिले. ह्यांच्या ऑफिसात निरोप धाडता का?" मिलिंद विमानानं आला. काकांना नेलं तेव्हा काकू सासरच्या वडीलधाऱ्यासाठी रडतात तशा रडल्या, आणि डोळे पुसता पुसता पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होत्या, कारण मामा गेला तरी भाचा अजून ऑफिसातून आला नव्हता. आपण कुणाला गमावलं हे त्या बाईला कळलंच नाही. हे बरं झालं असं लोक म्हणाले. मला ते अजून म्हणवत नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर काका येतात ते त्या दिवसाचे नाहीत. त्याच्या आधीच्या रविवारी मी सोसायटीच्या कागदावर त्यांची सही घ्यायला गेले होते. दार लोटलेलं होतं. काका खुर्चीत बसले होते, माझ्याकडे पाठ. काकू स्वयंपाकघराच्या हिरव्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, पदर डोक्यावर, नजर खाली. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"मामाजी, एक सांगू का जी?"

"सांग ना."

"मी इथं आली तवा लय रडत होती. कोणी ओळखीचं नाही, बोली वेगळी. त्यायनं हे दरवाजे रंगवले माझ्यासाठी. तोंडानं विचारत नाहीत ते, पण त्यायच्या मनात असन, इले इथं करमते का नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले आपल्या तोंडानं सांगाले लाज वाटते. तुमी सांगजा त्यायले. मले आता करमते म्हणा इथं."

मी कागद हातात घेऊन तशीच मागे सरले. दार ओढून घेत होते तेव्हा काकांचा आवाज ऐकू आला.

"सांगतो, सूनबाई."